तारखेला तिच्या शेजारी बसताना

पोरी,

परवा कोर्ट नाक्यावरून परतताना तू गप्प गप्प होतीस. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध अर्ज केलेल्या बाईसोबत तुझी पहिलीच तारीख, आणि नवऱ्याकडच्यांनी लेखी उत्तर द्यायला मुदत मागितली. सकाळपासून बाकावर बसलेल्या ताईंच्या हाती दुपारी फक्त पुढची तारीख पडली. रिक्षात त्या रडायला लागल्या तेव्हा तू म्हणालीस, "पुढच्या वेळी नक्की होईल." असा शब्द पुन्हा कुणाला देऊ नकोस.

2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात निकाल 60 दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात किती लांबतं ते अर्ज टाकण्याआधीच बाईला सांग. वर्षानुवर्षं मार सोसलेली बाई तिसऱ्या-चौथ्या तारखेला खचते. पगार कापला जातो, पोराला शाळेतून आणायला कुणी नसतं, माहेरचे विचारतात, "अजून किती दिवस?" म्हणून कलम 23चा अंतरिम अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशासाठीचा, मूळ अर्जासोबतच जाईल हे बघ. घराबाहेर काढायचं नाही आणि दरमहा पोटगी द्यायची, एवढा आदेश झाला तरी तिला दम धरता येतो. आदेशाची नक्कल मोफत मिळते, ती तिच्या पर्समध्ये असू दे. संरक्षण आदेश, म्हणजे तिला त्रास द्यायचा नाही हा आदेश, मोडणं हा गुन्हा आहे, हे पोलीस चौकीत कागद दाखवून सांगावं लागतं.

वकिलाच्या फीपायी कुणी थांबू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. सासर बेलापूरला असलं, तरी ती कळव्यात बहिणीकडे राहत असेल तर अर्ज ठाणे शहरातल्या कोर्टात चालतो.

उलटतपासणीची उत्तरं मात्र पाठ करून घेऊ नकोस. सुरुवातीला मी एका बाईकडून घटनांच्या तारखा घोकून घेतल्या होत्या. समोरच्या वकिलांनी क्रम उलटा केला आणि ती खरी असूनही खोटी दिसली. ते ओझं अजून माझ्या मनावर आहे. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणायचं, इतकंच तिला सांग.

आणि ती तडजोड करते म्हणाली तर रागावू नकोस. बाजूला नेऊन विचार, हे तुझ्या मनातलं की सासूने आत्ता व्हरांड्यात कानात सांगितलेलं? तिच्याच मनातलं असेल तर अटी लेखी होऊन कोर्टापुढे जाऊ देत.

पुढच्या तारखेला साडेदहालाच पोच. नवरा आणि त्याची माणसं त्याच बाकावर येऊन बसतात, तेव्हा मधली जागा तू धर. डबा दोघींचा ने. पुकारा झाला की ती आधी तुझ्याकडे बघेल.

तुझी ताई