एकाच नंबरचा चॅनेल, तरी आवाज का पोचत नाही?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. मुलांकडे एफआरएसचे (फॅमिली रेडिओ सर्व्हिस, विनापरवाना चालणारी सेवा) साधे वॉकीटॉकी आहेत, माझ्याकडे जीएमआरएसचा (जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस, परवाना लागणारी सेवा) ५ वॅटचा हँडसेट. दोघांत बोलणं होईल का? माझा सेट १० नंबरच्या चॅनेलवर लंगडा पडतो आणि कोड सारखाच टाकूनही मुलांना माझा आवाज येत नाही.

उत्तर : बोलणं होईल, आणि तसं बोलायला नियमाची आडकाठीही नाही. २०१७च्या नव्या नियमांनंतर दोन्ही सेवांचे २२ चॅनेल एकाच फ्रिक्वेन्सीवर आहेत. फरक पॉवरचा. १ ते ७ वर एफआरएसला २ वॅट, जीएमआरएसला ५ वॅट. १५ ते २२ वर एफआरएसला तेच २ वॅट, जीएमआरएसला मात्र ५० वॅटपर्यंत. ८ ते १४ वर दोघांनाही अर्धाच वॅट. १० नंबरवर तुमचा सेट म्हणूनच दबतो, तो बिघाड नव्हे. ते चॅनेल सोडा, १ ते ७ किंवा १५ ते २२ पैकी एक धरा.

जास्त वॅटची फार भिस्त ठेवू नका. तुमचा आवाज लांब जाईल, पण मुलांचं उत्तर २ वॅटनंच परतणार. शिवाय या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली की वॅट वाढवण्यापेक्षा चार पावलं उंचावर जाणं जास्त उपयोगी.

आता कोडचं. इथेच बहुतेक लोक अडकतात. कोड म्हणजे आवाजाखाली चालणारा, कानाला न जाणवणारा एक सूर. तो जुळला तरच समोरचा सेट आवाज सोडतो. आणि कोडचे नंबर सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. ३८ सुरांच्या यादीत १२वा कोड १०० हर्ट्झचा (हर्ट्झ हे सुराचं माप). ज्या यादीत ६९.३ हर्ट्झचाही सूर आहे, तिथे तोच १३वा होतो. तेव्हा नंबर नव्हे, पुस्तिकेतले हर्ट्झ जुळवा. कोडमुळे बोलणं गुप्त राहतं, हा समजही काढून टाका. ज्याने कोड बंद ठेवलाय, त्याला सगळं ऐकू येतं.

आधी दोन्ही सेटवर कोड ० (म्हणजे बंद) करून बघा. आवाज येऊ लागला, तर दोष कोडचा होता. तरीही तुम्ही बटण दाबल्यावर मुलांच्या सेटचा दिवाच लागत नसेल, तर चॅनेल किंवा अंतर तपासा. आवाज फाटका येत असेल, तर तुमच्या सेटच्या मेनूत बँडविड्थ (लहरीला लागणारी रुंदी) 'वाइड' आहे, ती 'नॅरो' करा. एफआरएस १२.५ किलोहर्ट्झच्या 'नॅरो' रुंदीवर चालतं. उलट बाजूनं, तुमचा सेट वाइडवर असताना मुलांचा आवाज बारीक येतो, तोही याच कारणानं.

प्रश्न : मुलांच्या सेटला मोठा अँटेना लावला तर?

उत्तर : लावू नका. एफआरएसचा अँटेना काढता न येणारा असावा, असा नियमच आहे. लांब पल्ला हवा असेल, तर मुलांनाही जीएमआरएसचे सेट द्या. तुमच्या एकाच परवान्यावर घरातल्यांना बोलता येतं, आणि परवाना १० वर्षं चालतो.