ऑर्डर दुप्पट, खातं रिकामं: वाचकांचे प्रश्न

यावेळी प्रश्नांचा ढीग आहे. पत्रं म्हणायची आपली सवय, खरंतर बहुतेक मेसेजच असतात, त्यातले दोन तर चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज. सगळं ऐकलं. पाच निवडलेत. पहिल्या आणि चौथ्याला जास्त जागा दिलीय, कारण तिथे माझे स्वतःचे हात भाजलेत.

प्रश्न: माझं छोटं मॅन्युफॅक्चरिंग युनिट आहे. गेल्या वर्षीपेक्षा ऑर्डर दुप्पट झाल्यात, अकाउंटंट म्हणतो नफा आहे, कागदावर दिसतोही. मग दर महिन्याला पगाराच्या आदल्या दिवशी माझी झोप का उडते? कच्चा माल साधारण २० दिवस पडून असतो, सप्लायरला १५ दिवसांत द्यावे लागतात आणि पार्ट्या ६० दिवसांनी देतात. मी कुठे चुकतेय?

ताई, तुम्ही आकडे दिलेत म्हणून आधी तुमचे आभार, निम्मे लोक "पैसे पुरत नाहीत" एवढंच लिहितात. तुमचा अकाउंटंट बरोबर आहे आणि तुमची उडालेली झोपही बरोबर आहे. धंदा वाढला की तो आधी पैसे खातो, नंतर देतो.

बघा, २० अधिक ६० वजा १५, झाले ६५ दिवस. म्हणजे आज तुमच्या हातातून गेलेला पैसा परत यायला ६५ दिवस. आता सोपं जावं म्हणून धरा महिन्याची विक्री १००, खर्च ८५, नफा १५. ६५ दिवसांचा खर्च म्हणजे साधारण १८४, एवढे कायम बाहेर अडकलेले. विक्री २०० झाली की अडकलेले होतात ३६८. हे जास्तीचे १८४ कुठून आणायचे? नफ्यातून म्हणाल तर नवा नफा महिन्याला ३०, म्हणजे घरी एक पैसा न नेता सहा महिन्यांचा अख्खा नफा नुसता या खड्ड्यात जाणार. पगार, भाडं वेगवेगळ्या तारखांना जातात त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण चित्र हेच.

हे फक्त छोट्यांचंच होतं असं नाही हां. डेल कंपनी १९८४ मध्ये मायकेल डेलने कॉलेजच्या खोलीतून सुरू केली, सुसाट वाढली आणि १९९३ मध्ये तिला पहिला तिमाही तोटा झाला, रोख आटली. तोवर त्यांचा मंत्र वाढ, वाढ आणि वाढ. त्यानंतर त्यांनी क्रमच बदलला, आधी हातातली रोख, मग नफा, मग वाढ. पुढे तर त्यांनी अशी सिस्टीम बसवली की गिऱ्हाईक आधी पैसे देणार, कॉम्प्युटर मग जोडला जाणार आणि सप्लायरचे पैसे त्याच्याही नंतर जाणार. तुम्हाला एवढं जमणार नाही, गरजही नाही.

तुम्ही फक्त ६० चे ४५ करा. वरच्याच हिशोबात २०० च्या विक्रीवर महिन्याचा खर्च १७०, म्हणून पंधरा दिवस आधी वसुली म्हणजे ८५ मोकळे, जवळपास तीन महिन्यांचा नफा, तोही एक ऑर्डर न वाढवता. आणि यातले बरेच दिवस पार्टी खात नसते, आपणच खातो. मी खोक्यांचा धंदा करायचो तेव्हा आठवड्याची सगळी बिलं शनिवारी एकत्र बनवायचो, निवांत, चहा घेत. एका मोठ्या पार्टीच्या अकाउंट्समध्ये बिलं महिन्यात दोनदाच पास व्हायची, १ आणि १५ तारखेला. माल ११ ला गेलेला, बिल पोचलं १६ ला, की गेलं पुढच्या लॉटमध्ये. वर्षभर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो, शेवटी तिथल्या बाईंनी फोनवर सरळ सांगितलं, "तुमचंच बिल उशिरा येतं हो." गाडी गेटबाहेर पडायच्या आधी बिल तयार, एवढ्या एका बदलावर माझे बारा-तेरा दिवस वाचले.

तर तुमच्या पाच मोठ्या पार्ट्यांचं बिल नक्की कुणाच्या टेबलावर जातं आणि कोणत्या तारखेला पास होतं ते आधी विचारून घ्या. नव्या पार्टीला पहिल्याच दिवशी ४५ दिवस सांगा, जुन्या पार्टीला नंतर. आणि पुढची मोठी ऑर्डर आली की हो म्हणायच्या आधी त्यात किती पैसे किती दिवस अडकणार हे कागदावर काढा, परवडत नसेल तर निम्मीच ऑर्डर घ्या किंवा ॲडव्हान्स मागा. ऑर्डरला नाही म्हणताना जीव वर येतो, माहितीय मला.

प्रश्न: सव्वा वर्ष एक ॲप चालवतोय. लोक येतात, डाउनलोड करतात, निघून जातात. मित्र म्हणतात जिद्द सोडू नको, डायसनने पाच हजार वेळा प्रयत्न केला होता. बायको म्हणते बस झालं आता. कुणाचं ऐकू?

मित्रांनी डायसनची गोष्ट अर्धीच सांगितली. जेम्स डायसनने बिनपिशवीचा व्हॅक्युम क्लिनर जमवायला ५१२७ मॉडेलं बनवली, पाच वर्षं घालवली, हे खरं. पण तो एका वेळी एकच गोष्ट बदलायचा आणि धूळ किती पकडली गेली ते बघायचा, म्हणजे प्रत्येक फसलेलं मॉडेल त्याला काहीतरी सांगत होतं. आणि त्या काळात बायको चित्रकला शिकवून घराला हातभार लावत होती, हे मित्र सांगत नाहीत. दुसरं म्हणजे याच माणसाने पुढे इलेक्ट्रिक गाडी बनवायला घेतली, स्वतःचे ५० कोटी पौंड त्यात घातले, गाडी बनलीही, चालतही होती, पण विकून परवडेना म्हणून २०१९ मध्ये प्रोजेक्ट बंद केला. माणूस तोच, जिद्दही तीच.

तुम्ही सव्वा वर्षात काय काय बदललं आणि प्रत्येक बदलाने काय झालं हे मला लिहून पाठवू शकाल का? पाठवू शकत असाल तर अजून चालवायला हरकत नाही. नसाल तर तो एकच प्रयोग सव्वा वर्ष लांबलाय.

एकूण डाउनलोड बघणं बंद करा, तो आकडा फक्त वर जातो आणि आपल्याला बरं वाटतं. एकाच आठवड्यात आलेले लोक घ्या, त्यातले चौथ्या आठवड्यात किती उरले, आठव्यात किती, बाराव्यात किती. गळती कुठेतरी थांबून थोडे लोक टिकत असतील, अगदी शंभरातले दहा का असेनात, तर ते दहा कोण आहेत ते शोधा, ॲप त्यांच्यासाठी बनवा, बाकीच्यांचा नाद सोडा. सगळेच जात असतील तर जाहिरातीवर खर्च म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी. सोडून गेलेल्या दहा जणांना फोन करा, मेसेज नको, फोनच. पहिले तीन जण "छान आहे ॲप" म्हणतील, चौथा खरं बोलेल.

आणि बंद करायचं झालं तर झाडून सगळं फेकू नका. ग्लिच नावाचा एक ऑनलाइन गेम होता, तो चालला नाही, २०१२ मध्ये बंद केला. पण तो बनवताना टीमने आपसात बोलायला एक टूल बनवलं होतं, तेच पुढे स्लॅक झालं आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने ते २७ अब्ज डॉलरच्या वर घेतलं. आता प्रत्येक बंद ॲपच्या पोटात असं काही असतं असं बिलकुल नाही, नसतंच बहुतेक वेळा. पण एकदा बघून घ्यायला काय जातं.

तारीख मात्र आजच ठरवा, आणि त्या तारखेला किती लोक टिकलेले हवेत तो आकडा लिहून बायकोकडे द्या. तुमच्याकडे ठेवलात तर तो आकडा हळूहळू खाली सरकेल.

प्रश्न: एक प्रॉडक्ट चांगलं चाललंय. आता त्याच्या जोडीला आणखी चार सुरू करतोय. काही सल्ला?

चार का? एक करा. खेळण्यातले ठोकळे बनवणाऱ्या लेगोचं २००३-०४ मध्ये हेच झालं होतं, ठोकळे सोडून कपडे, घड्याळं, व्हिडिओ गेम, थीम पार्क, सगळीकडे हात घातला आणि तोट्यात गेले. २००४ मध्ये ३५ वर्षांचा क्नुडस्टॉर्प प्रमुख झाला, घराण्याबाहेरचा पहिलाच. त्याने नवीन काढण्याआधी जुनं काढून टाकलं, ठोकळ्यांचे प्रकार जवळपास निम्म्यावर आणले, पुढच्या वर्षी थीम पार्कांचा मोठा हिस्सा विकला. तुमच्या चारांपैकी जे आत्ताच्याच गिऱ्हाइकाला, आत्ताच्याच मशीनवर बनवून विकता येईल ते आधी घ्या.

प्रश्न: तीन वर्षं चालवलेला धंदा मार्चमध्ये बंद केला. जो भेटतो तो म्हणतो अपयश ही यशाची पहिली पायरी. मला तर यातून काही शिकलो असं वाटतच नाही, नुसता थकलोय. माझ्यातच काही कमी आहे का?

तुम्ही प्रामाणिक आहात एवढंच. ती पायरीची म्हण मला कधीच पटली नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी व्हेंचर कॅपिटल, म्हणजे धंद्यात हिस्सा घेऊन लावलेला गुंतवणूकदारांचा पैसा, घेतलेल्या उद्योजकांचा अभ्यास केला होता, २०१० मध्ये तो छापून आला. आधी यशस्वी झालेल्यांना पुढच्या वेळी यश मिळायची शक्यता बरीच जास्त निघाली, पण आधी फसलेले आणि पहिल्यांदाच उतरलेले यांच्यात फरक जेमतेमच. म्हणजे नुसतं पडल्याने काही येत नाही. उलट माझा अनुभव सांगतो, पडलेला माणूस घाईघाईत चुकीचं काहीतरी शिकतो आणि ते जास्त महाग पडतं.

माझंच ऐका. खोक्यांच्या धंद्यात माझी ७० टक्के विक्री एकाच पार्टीला होती. त्यांनी एका दिवसात माल घेणं थांबवलं आणि आधीचे पैसेही लटकवले. मी चार महिन्यांत आटोपलो. शेवटच्या दिवशी डाय-कटिंग मशीन न्यायला माणूस आला तेव्हा गोडाऊनमध्ये त्या पार्टीचं नाव छापलेली साडेतीन हजार खोकी पडून होती, दुसऱ्या कुणालाच उपयोग नाही, शेवटी रद्दीच्या भावात गेली. त्या दिवशी मी जे शिकलो ते असं, कुणावर विश्वास ठेवायचा नाही. मग पुढचा धंदा सुरू केला तेव्हा प्रत्येकाकडून पूर्ण पैसे आधी मागायला लागलो. आलेले लोक परत गेले. दीड वर्ष मी बाजार कसा वाईट आहे हे सांगत फिरलो.

नंतर कधीतरी जुनं रजिस्टर काढून बसलो आणि टोयोटावाल्यांची ती पाच वेळा "का" विचारायची पद्धत आहे ती वापरून बघितली. धंदा का बसला? रोख संपली. का? एकाने माल थांबवला. मग एकाने थांबवल्यावर सगळं का थांबलं? कारण ७० टक्के तोच होता. का होता? कारण पहिल्या वर्षी तो ३० टक्के असताना मी नवीन गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडायचं सोडलं, त्याच्या ऑर्डरी पुऱ्या करण्यातच दिवस जायचा. का सोडलं? हे लिहायला लाज वाटते पण अनोळखी माणसाकडे जाऊन काम मागणं मला आवडायचं नाही आणि त्या पार्टीमुळे ते टळत होतं. म्हणजे रोग होता संकोचाचा आणि मी औषध घेत होतो अविश्वासाचं. तेव्हापासून कुठलंही एक गिऱ्हाईक ३० टक्क्यांच्या वर गेलं की मी आठवड्यातला एक दिवस फक्त बाहेर फिरायला ठेवतो. अजूनही आवडत नाही.

तर आत्ता काही शिकायला जाऊ नका. थकवा असताना काढलेले निष्कर्ष बहुतेक एक तर "मीच नालायक" नाहीतर "सगळे चोर" असे निघतात. दोन-तीन महिने जाऊ द्या. तेवढ्यात एवढंच करा की बँक स्टेटमेंट, ऑर्डरी, जुने मेसेज सगळं एका जागी जपून ठेवा, कारण आठवण फार सोयीस्कर असते, मला कितीतरी दिवस वाटत होतं की ती पार्टी ४० टक्केच होती. आणि ज्यांचे पैसे तुम्ही देणं आहात त्यांना टाळू नका, फोन तुम्ही आधी करा, किती आणि कधी देऊ शकाल ते खरं सांगा, थोडं का असेना. नंतर पुन्हा उभं राहायला यातलेच दोन जण माल उधार देतात, माझ्या बाबतीत तसंच झालं.

कमी असण्याबद्दल म्हणाल तर अमेरिकेची सरकारी आकडेवारी बघा, नव्या धंद्यांपैकी साधारण निम्मे पाच वर्षं पुरी करत नाहीत. तेवढी माणसं नालायक असतील असं मला वाटत नाही.

प्रश्न: लहानपणापासूनचा मित्र पार्टनर आहे. करार लिहून घेतला तर त्याला वाईट वाटेल का?

वाटेल, दोन दिवस. कोण किती वेळ देणार, पगार कुणाला, नवीन भांडवल लागलं तर कोण किती घालणार, आणि एकाने मध्येच सोडलं तर त्याच्या हिश्श्याचं काय, एवढं तरी लिहा. स्टार्टअपवाले हिस्सा एकदम न देता बहुतेक चार वर्षांत थोडा थोडा देतात आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही, ती पद्धत चांगली आहे. वकिलाच्या एकदा नजरेखालून घाला. आणि सहीखाली तारीख टाका, मी एकदा विसरलो होतो.