बोके, बोकेह आणि चंद्राचं खळं

फोटोत फोकसबाहेरचा भाग कसा पुसट दिसतो, त्याला छायाचित्रकार ‘बोकेह’ म्हणतात. प्रश्न असा: ‘या लेन्सला बोकेह जास्त आहे’ हे बरोबर का, आणि त्याला मराठी शब्द कोणता?

आधी तो शेपटीचा ‘ह’ कापा. जपानी शब्द ‘बोके’ असा आहे. १९९७ मध्ये ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकी मासिकाचे संपादक माइक जॉन्स्टन यांनी त्याला शेवटी एच जोडला, कारण रोमन लिपीतला मूळ शब्द इंग्रजी वाचक ‘बोक’ असा वाचायचे. आपल्याकडे मात्रा आहे. ती कुबडी देवनागरीत आणायचं कारण नाही. ‘बोके’ वाचून बोके आठवतात म्हणे. आठवू देत.

‘जास्त’ हेही चूकच. जास्त-कमी असतो तो पुसटपणा, आणि तो गणिताने काढता येतो. फोकसबाहेरचा दिवा फोटोत ठिपका न राहता वर्तुळ होतो, ते वर्तुळ मोजायचं. विषय २ मीटरवर असेल तर पार लांबच्या दिव्याचं वर्तुळ ५० मिमी, एफ १.८ (एफ म्हणजे लेन्सच्या भोकाचं माप; आकडा लहान, तेवढं भोक मोठं) लेन्समधून सेन्सरवर सुमारे ०.७ मिमी पडतं. ८५ मिमी, एफ १.८ मधून सुमारे २.१ मिमी. बोके म्हणजे त्या वर्तुळाच्या आतला प्रकाश कसा पसरलाय ते. दोन लेन्सची वर्तुळं तंतोतंत एकाच मापाची असूनही एक चित्र मऊ आणि दुसरं टोचणारं दिसू शकतं. धारदारपणाचे आलेख इथे कामाचे नाहीत, कारण ते फोकस झालेल्या प्रतलाचे असतात.

मराठी शब्दासाठी ‘पार्श्वभूमी-धूसरता’ सुचवणाऱ्यांनी दोनदा घोळ घातलाय. धूसर म्हणजे धुळकट, राखी. तो रंग आहे. आणि बोके विषयाच्या पुढच्या बाजूलाही असतो. जपानीत त्याला ‘माएबोके’ असा वेगळा शब्दच आहे.

आता खरी गंमत. ‘बोके’ चित्रलिपीत लिहायचा झाला तर जे चिन्ह वापरतात, तेच ‘कासा’ असं वाचलं की अर्थ होतो सूर्याचंद्राभोवतीचं कडं. म्हणजे आपलं खळं! चंद्राला खळं पडतं तेच. आणि खळं हे मुळात मळणीचं. मधल्या खांबाभोवती बैल फिरून जमीन गोल तुडवली जाते, तो गोल आपण आकाशात नेला. ग्रीकांनीही नेमकं हेच केलं: त्यांच्या ‘हालोस’चा अर्थ मळणीची जागा, आणि सूर्यचंद्राचं बिंबही. इंग्रजी ‘हॅलो’, म्हणजे कडं, तिथूनच आलं. इतका जुना, इतका नेमका शब्द घरात असताना पारिभाषिक मंडळी समास शिवत बसतात.

नेमका अशासाठी, की वाईट बोकेत अक्षरशः खळं पडतं. लेन्सचा गोलीय दोष (कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न जुळण्याचा) गरजेपेक्षा जास्त सुधारला, की पार्श्वभूमीतल्या वर्तुळाची कड मधल्या भागापेक्षा उजळ होते. मग वाळक्या काड्या, गवताची पाती दुहेरी दिसतात. जपानीत ‘निसेन बोके’, दोन रेघांचा बोके. दोष थोडा शिल्लक ठेवला तर मागची कड विरघळते, पण खळं मुकाट्याने पुढच्या बाजूला जातं. दोन्हीकडे लोण्यासारखा मऊपणा मिळत नाही. पडताळा सोपा: लेन्स पूर्ण उघडी ठेवून २ मीटरवर फोकस पक्का करा, बारीक दिवा आधी ५ मीटरवर, मग १ मीटरवर ठेवून वर्तुळाच्या कडा ताडून पाहा.

‘पाती जास्त, बोके चांगला’ हे ठासून सांगणारेही अर्धंच सांगतात. डायफ्रॅमच्या, म्हणजे भोक लहानमोठं करणाऱ्या पडद्याच्या, पात्यांमुळे एखादा स्टॉप बंद केल्यावर (प्रकाश निम्मा होईल इतकं भोक लहान केल्यावर) वर्तुळ गोल राहतं की बहुकोनी होतं, एवढंच ठरतं. पूर्ण उघड्या लेन्समध्ये पाती वाटेत येतच नाहीत. कडेची वर्तुळं मांजराच्या डोळ्यासारखी चपटी होतात ती लेन्सच्या नळीने तिरका प्रकाश अडवल्यामुळे. एक-दोन स्टॉप बंद केले की बहुतेक वेळा सुधारतात. वर्तुळात कांद्यासारखी कडी दिसली तर साच्यात घडवलेल्या अगोल भिंगाच्या पृष्ठभागावर संशय घ्या.

खळं मुळातच पडू नये म्हणून कॅमेरे बनवणाऱ्या मिनोल्टाने १९९९ मध्ये १३५ मिमी एसटीएफ ही लेन्स काढली. तिच्यात कडेकडे गडद होत जाणारा घटक असतो, त्यामुळे वर्तुळ मागेही विरतं आणि पुढेही. किंमत प्रकाशात मोजावी लागते: भोक एफ २.८ चं, पोचणारा प्रकाश टी ४.५ इतकाच (टी म्हणजे लेन्समधून प्रत्यक्ष पार होणाऱ्या प्रकाशाचं माप).