सिगारेट सोडून व्हेप : वाचकांचे प्रश्न

दिवसाला वीस सिगारेटी ओढत होतो. व्हेप (निकोटिनचं लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायचं यंत्र) घेतल्यापासून चारवर आलो आहे. एवढ्या चार चालू राहिल्या तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. वीसच्या चार झाल्या म्हणजे धोका एक पंचमांश झाला, असा हिशेब आपण मनाशी करतो. हृदयाच्या बाबतीत तो साफ चुकतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१८ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. थोडासा धूरही रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चिकट करायला आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास द्यायला पुरतो. शिवाय संख्या कमी झाली की माणूस उरलेली प्रत्येक सिगारेट जास्त खोल ओढतो आणि पार फिल्टरपर्यंत नेतो.

व्हेपचा फायदा आहे तो जळण टळण्यात. तंबाखू जळला नाही की डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइडही नाही. सिगारेट पूर्ण थांबली तर हा वायू एक-दोन दिवसांत रक्तातून निघून जातो. चार चालू ठेवल्या तर तो रोज पुन्हा येतो. म्हणून त्या चार कोणत्या, ते आधी लिहून काढा. बहुतेकांची सकाळची पहिली सर्वांत चिवट असते, कारण रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं आणि झोपेत ते जवळजवळ संपतं. रात्रीच व्हेप चार्ज करून, भरून उशाशी ठेवा. उठल्याबरोबर पाच-सात मिनिटांत आठ-दहा सावकाश झुरके घ्या. सिगारेटइतक्या झटकन तलफ शमणार नाही, तेवढी मिनिटं धरून बसायचं. एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी घरातली पाकिटं, लायटर, ॲशट्रे सगळं बाहेर काढा. ‘अडीअडचणीला एक असू दे’ म्हणून ठेवलेलं पाकीटच घात करतं.

घाबरून ३ मिलिग्रॅमचं लिक्विड घेतलं. दिवसभर ओढत असते, पण तलफ जात नाही.

तुमचं निकोटिन कमी पडतंय. अर्ध्यावर परत फिरणाऱ्यांत हे कारण फार आढळतं, आणि त्याचं आम्हाला वाईट वाटतं, कारण ते टाळता येण्यासारखं आहे. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटिन जातं. २ मिलिलिटरच्या पॉडमध्ये (छोट्या व्हेपची लिक्विडची टाकी) ३ मिलिग्रॅमचं लिक्विड भरलं, तर अख्ख्या पॉडमध्ये मिळून ६ मिलिग्रॅमच होतं आणि तेही सगळं अंगी लागत नाही.

बाटलीवरचा आकडा दर मिलिलिटरचा असतो. टक्क्यांत लिहिलं असेल तर दहाने गुणा : २ टक्के म्हणजे २० मिलिग्रॅम. युरोपीय संघात कायद्याने हीच कमाल मर्यादा आहे. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याने छोट्या पॉडमध्ये १८ ते २० मिलिग्रॅमचं निकोटिन सॉल्ट घ्यावं, दहाच्या आत ओढणाऱ्याने १० ते १२. सॉल्टमध्ये आम्ल मिसळलेलं असल्याने घशाला चरचरत नाही. मात्र हे लिक्विड ढगासारखी वाफ काढणाऱ्या, १ ओहमपेक्षा कमी रोधाची कॉइल (तापणारी तार) असलेल्या मोठ्या यंत्रात कधीही घालू नका. एका झुरक्यात फार जास्त निकोटिन जाईल. तिथे ३ ते ६ चालतं.

मळमळ, गरगरणं, डोकेदुखी, धडधड ही जास्त झाल्याची खूण. लगेच थांबा, पाणी प्या. लिक्विड हातावर सांडलं तर साबणाने धुवा, आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवा. पोटात गेलं तर ते विष आहे.

नवीन कॉइल दुसऱ्याच दिवशी जळकी लागते आणि ठसका लागतो.

कॉइल म्हणजे तापणारी तार आणि तिच्याभोवतीचा कापूस. लिक्विड पोचण्याआधी तार तापली की कापूस करपतो, आणि एकदा करपलेला कापूस कशानेही सुधारत नाही. कॉइल बदलायचीच. नवी बसवताना कापसाच्या छिद्रांवर दोन-तीन थेंब टाका, टाकी भरा आणि १० ते १५ मिनिटं हातही लावू नका. कॉइलवर वॉटचा पल्ला छापलेला असतो, त्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. लिक्विडमध्ये दाट व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरिन) आणि पातळ पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) असतं. दाट, म्हणजे ७० टक्के व्हीजीचं लिक्विड छोट्या पॉडच्या कापसात मुरत नाही. तिथे दोन्ही ५०-५० टक्के असलेलं घ्या. गोड चवीची लिक्विडं तारेवर काळा थर धरतात, त्यामुळे एरवी आठवडा-दोन आठवडे टिकणारी कॉइल लवकर जाते.

ठसक्याचं कारण बहुधा ओढण्याची सवय. सिगारेटचा झुरका आखूड आणि जोरकस असतो. इथे तीन-चार सेकंद हळूहळू, आधी तोंडात आणि मग छातीत घ्यायचं, आणि दोन झुरक्यांत अर्धा मिनिट जाऊ द्यायचं. पीजीने तोंड-घसा कोरडा पडतो, पाणी जास्त प्या. खोकला दोन-तीन आठवड्यांपुढे गेला, किंवा दम लागला, तर डॉक्टरांकडे जा.

सिगारेट बंद केल्यापासून कॉफीने हात थरथरतात. औषधंही चालू आहेत.

धुरातले काही घटक यकृतातलं एक विकर (एन्झाइम) वाढवून ठेवतात. तेच विकर कॅफिन मोडतं. धूर बंद झाला की आठवड्याभरात ते खाली येतं, आणि तेवढ्याच कॉफीचा परिणाम दुप्पट जाणवू शकतो. कॉफी निम्मी करा. क्लोझापिन, ओलान्झापिन (मानसिक आजारांवरची) आणि थिओफिलिन (दम्यावरचं) या औषधांचं प्रमाणही असंच रक्तात वाढतं, म्हणून सिगारेट सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगा. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे व्हेप चालू असली तरी तो होतो.

आमच्याकडे व्हेपच्या विक्रीला बंदी आहे.

मग चोरट्या मालाच्या वाटेला जाऊ नका. त्यात काय भरलंय ते कळत नाही. निकोटिनचा पॅच आणि गम एकत्र वापरा. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढत असाल तर सहसा २१ मिलिग्रॅमच्या पॅचपासून सुरुवात होते. उठल्यावर अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल तर गम ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. तो सतत चघळायचा नसतो : झणझणी आली की गालाशी दाबून ठेवायचा. गर्भवतींनी आणि हृदयरोग्यांनी हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.

व्हेप कधी सोडायची?

सिगारेटकडे परत जाण्याची भीती उरली नाही की. घाई नको, पण विसरूही नका. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१९ साली आलेल्या चाचणीत व्हेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्के आणि पॅच-गम वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के लोक वर्षाअखेर सिगारेटमुक्त होते. पण त्या यशस्वी व्हेपवाल्यांतले ८० टक्के तेव्हाही व्हेप ओढतच होते. वाफ निर्धोक नाही, आणि दीर्घकाळाचे परिणाम अजून पुरते कळलेले नाहीत. ज्यांनी सिगारेट कधी ओढलीच नाही त्यांनी व्हेपला हात लावू नये. उतरताना २० वरून १०, मग ६, मग ३ अशी पायरी महिन्या-दीड महिन्याने घ्या. आकडा कमी झाल्यावर लिक्विड दुप्पट संपू लागलं तर उतरणं झालेलंच नाही. मागच्या पायरीवर या आणि तिथे आणखी थोडे दिवस थांबा.