"ह्याच्या रक्तातच आहे का हे, मॅडम?"

मुलाच्या हातून काही गुन्हा घडला की त्याला माझ्याकडे घेऊन येणारे आई-वडील मला हा प्रश्न सारखा विचारतात, म्हणून एक केस सांगते, ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत. एक ताई 15 वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. त्यानं शेजाऱ्यांची ॲक्टिव्हा न विचारता काढली, मित्राला मागं बसवलं आणि वळणावर भाजीच्या हातगाडीला नेऊन धडकवली. कुणाला लागलं नाही, पण चौकीत जाऊन बसावं लागलं. ताई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "ह्याचे चुलते दोनदा आत जाऊन आलेत, ह्याच्या रक्तातच आहे का हे?" मुलगा मान खाली घालून बॅगची चेन उघड-बंद करत होता, ते ऐकलं आणि त्याचा हात थांबला.

ताईंची भीती अगदीच हवेतली नाहीये. हान्स आयझेंक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1964 मध्ये मांडलं होतं की काही जणांना स्वभावानंच सतत थरार लागतो, शिक्षेचा धाक त्यांच्यात लवकर मुरत नाही आणि त्यात डोकं पटकन भडकणारं असेल तर पाय घसरायची शक्यता वाढते. पुढच्या अभ्यासांत बोलक्या, बहिर्मुख स्वभावाचा गुन्ह्याशी तेवढा संबंध दिसला नाही, जास्त दिसला तो उतावळेपणाचा आणि दुसऱ्याला त्रास देऊनही काहीच न वाटण्याचा.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारेक मुलांवर अजून अभ्यास चालूय. लहानपणी स्वतःवर ताबा सगळ्यात कमी असलेल्या गटातली 43 टक्के मुलं 32 वर्षांची होईपर्यंत गुन्ह्यात दोषी ठरली, सगळ्यात जास्त ताबा असलेल्यांत 13 टक्के. फरक मोठाय, पण मी ताईंना म्हटलं, त्या पहिल्या गटातल्या निम्म्याहून जास्त मुलांवर गुन्हा लागला नाही हेही बघा ना, आणि ज्यांचा ताबा मोठेपणी सुधारला त्यांचं बरंच बरं झालं. समाजविघातक व्यक्तिमत्त्व, म्हणजे नियम आणि दुसऱ्याचे हक्क सतत धुडकावणारा स्वभाव, हे निदान तर 18 च्या आधी देतच नाहीत, मग आपण घरात बसून ते कसं देणार?

मग मुलाशी एकट्याशी बोलले. गाडी धडकल्यावर आधी काय आठवतं असं विचारलं तर म्हणाला, "टोमॅटो. हातगाडीवाल्या आज्जी रस्त्यावरचा एकेक उचलून पदराला पुसत होत्या." आणि रडायला लागला. मला त्यात खूप काही मिळालं, कारण ज्या मुलाला कुणाचंच काही वाटत नाही त्याच्या डोळ्यापुढं ते टोमॅटो राहत नाहीत. (प्राण्यांना मुद्दाम छळणं, दुसऱ्याला लागलं तरी चेहरा कोरा राहणं, असं वारंवार दिसलं तर मात्र थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.)

उतावळेपणावर आम्ही काम केलं, मनात आल्यापासून ते करून टाकेपर्यंत मध्ये थोडी जागा करायची, रोज, छोट्या गोष्टींत. आज्जींचं नुकसान त्यानं पॉकेटमनीतून भरलं, स्वतः जाऊन. ताईंना एकच सांगितलं, त्याच्यासमोर चुलत्यांशी तुलना पूर्ण बंद.

परवा शाळेतून परत तक्रार आली, मारामारीची. ताईंचा फोन आला, आवाज कापत होता, सगळं सांगितलं त्यांनी, पण चुलत्यांचं नाव एकदाही घेतलं नाही.