‘सल्ला’ आणि ‘अभिप्राय’

वकिलाच्या मताला ‘सल्ला’ म्हणावे की ‘अभिप्राय’, आणि ‘वकिलाचा सल्ला घेतला, पण मानला नाही’ या वाक्यात विसंगती नाही का, असे एका वाचकाने विचारले आहे.

वाक्य निर्दोष आहे. मराठीत सल्ला घेणे म्हणजे तो मागून ऐकून घेणे एवढेच. त्याप्रमाणे वागण्यासाठी ‘मानणे’, ‘पाळणे’ ही क्रियापदे वेगळी आहेत. ‘वकिलांच्या सल्ल्याने नोटीस पाठवली’ असे म्हटले, की मात्र सल्ला मानल्याचे त्या तृतीयेतूनच कळते.

‘अभिप्राय’ आणि ‘सल्ला’ यांतला भेद जपायला हवा असे मला ठामपणे वाटते. कायद्याच्या दृष्टीने आपली बाजू कशी आहे हे वकील सांगतात, बहुधा लेखी, तो अभिप्राय. तशा स्थितीत आपण काय करावे हे सांगतात तो सल्ला. ‘दावा जिंकण्याजोगा आहे’ हा अभिप्राय झाला, आणि तो देणारे वकीलच खर्च, कालावधी व दोन्ही पक्षांचे पुढचे संबंध लक्षात घेऊन ‘तरीही तडजोड करा’ असा सल्ला देऊ शकतात.

‘सल्ला’ आणि ‘मसलत’ हे दोन्ही शब्द फारसीमार्गे आलेले असून त्यांच्या मुळाशी हित, भले या अर्थाचा एकच अरबी धातू आहे. समेटाचा ‘सुलह’ही त्याच कुळातला. जोडशब्द झाल्यावर मात्र क्रियापद बदलते. सल्ला आपण देतो किंवा घेतो, पण सल्लामसलत ‘करतो’, कारण तीत दोन्ही बाजूंनी बोलणे अपेक्षित असते. अशिलाने अडचणीची कागदपत्रे दडवून ठेवली, तर सल्लामसलत होतच नाही आणि मिळालेला सल्लाही अपुऱ्या माहितीवर उभा राहतो.

‘अशील’ हा शब्दही येथे महत्त्वाचा आहे. त्याचे ‘असल’शी नाते आहे: अशील म्हणजे मूळ व्यक्ती, तर वकील म्हणजे तिने नेमलेला प्रतिनिधी, मराठेशाहीत दुसऱ्या दरबारी पाठवलेल्या दूतालाही वकीलच म्हणत. तडजोड करावी की लढावे, हा निर्णय मूळ व्यक्तीचा असतो. त्यामुळे ‘वकिलांनी तडजोड करायचे ठरवले’ हे वाक्य मला खटकते. ‘वकिलांच्या सल्ल्याने आम्ही तडजोड करायचे ठरवले’ असे लिहावे.