मचाणावर पाय लटपटतात?

उंचीची भीती वाटते याची लाज बाळगू नकोस. इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीच्या माझ्या पहिल्या मोसमात शिडीच्या सहाव्या पायरीवर पोटऱ्या थरथरायला लागल्या आणि मी सरळ खाली उतरलो. बरंच केलं.

२० फुटांचा हट्ट सोड. १० फुटांच्या शिडीच्या मचाणावरूनही हरीण मिळतं, फक्त वारा तुझ्याकडून त्याच्याकडे जायला नको. मोसमाच्या आधीच, दिवसाउजेडी, कुणाला तरी सोबत घेऊन नुसतं बसायला जात जा.

खरा धीर मात्र दोरी देते. पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे खांद्या-मांड्यांना बांधायचे सुरक्षा पट्टे, घाल आणि जमिनीवर असतानाच तो लाइफलाइनच्या (झाडाला वरपासून खालपर्यंत बांधलेल्या दोरीच्या) प्रुसिक गाठीला, म्हणजे त्या दोरीवर सरकणाऱ्या गाठीला, अडकव. चढताना गाठ वर सरकवत न्यायची. वजन पडलं की ती करकचून आवळते. जमिनीपासून वीतभर उंचीवर स्वतः लटकून बघ, म्हणजे मनाला पटतं. पाय टेकायचा पट्टा वापरायलाही तिथेच शीक, कारण लटकून राहिलं की मांड्यांवरच्या पट्ट्यांनी रक्त अडतं.

बंदूक रिकामी करून, वर बसल्यावर दोरीने ओढून घे. एखाद्या दिवशी मन घेतच नसेल तर बुंध्याशी बैस, तिथूनही शिकार होते.